आपल्या वाटणीचा सिनेमा

मुलुंड (पूर्व)
डिसेंबरचा शेवटचा सोमवार

प्रिय दिशा,

पत्र बघून दचकू नकोस. घरी सगळे ठीक आहेत, कोणी आजारी नाही, कोणी गेलेलं नाही. माझं एक काम तुझ्यापाशी अडलं आहे खरं, पण ते शेवटी सांगते. आधी बातमी. आपला होडीचा सिनेमा येतोय गो! जानेवारीच्या दुसऱ्या शुक्रवारी. तुला माझ्याआधी कळलं असणार, तुमच्या अंधेरीच्या स्टुडिओत असल्या गोष्टी आधी पोचतात. पण मला काल सकाळी पेपरात दिसलं आणि मी एवढ्या मोठ्याने ओरडले की आमचे नंदूशेठ, म्हणजे तू ज्यांना बाबा म्हणायचीस ते, गालाला साबण फासलेल्या अवस्थेत बाथरूममधून बाहेर धावत आले. त्यांना वाटलं अंगावर पाल पडली. मी म्हटलं, पाल कसली, तारीख आलीय तारीख! मग ते परत दाढी करायला गेले आणि मी ती एवढीशी बातमी चार वेळा वाचली.

हे सगळं मोबाइलवर लिहायला बसले होते. पण तिथे त्या दोन निळ्या खुणा उमटल्या की मला चैन पडत नाही. वाचलं, मग उत्तर का नाही? जेवत असेल का? रागावली असेल का? त्यापेक्षा पत्र बरं. तू कधी वाचलंस ते मला कळणार नाही, आणि तुलाही लगेच काहीतरी लिहायचं ओझं नको. तुझा बोरिवलीचा पत्ता तुझ्या आईकडून घेतला. त्या जरा घुटमळल्या. कशाला हवाय असं विचारलं नाही, पण विचारावंसं वाटत होतं हे फोनवरही कळत होतं. मग मीच सांगितलं, सिनेमाचं काम आहे. त्या हसल्या आणि म्हणाल्या, तुम्हा दोघींचं काही खरं नाही. दिशा, किती दिवसांनी कोणीतरी तुला आणि मला एका वाक्यात बसवलं. तू माझी सून होतीस ती आता नाहीस, हे सगळ्यांनी मला नीट समजावून सांगितलं आहे. तुझ्या आईच्या तोंडून मात्र ते ‘तुम्हा दोघींचं’ आलं आणि मला फार बरं वाटलं.

काल वर्षाचा शेवटचा रविवार होता. म्हणजे काय ते तुला सांगायला नको, पण मला सांगायची हौस आहे म्हणून सांगते. या रविवारी मी ढीगभर मटार आणायचे, हॉलमध्ये जुना पेपर पसरायचा, आणि तू मोबाइल घेऊन पुढल्या वर्षीचे सिनेमे एकेक करून वाचायचीस. मग वाटणी. तुझे, माझे, घरचे आणि आपले. तुझे म्हणजे तू मैत्रिणींबरोबर बघायचे, त्यात सगळी मारामारी, अंतराळ आणि इंग्रजी. माझे म्हणजे ज्यात कोणीतरी नऊवारी नेसून तलवार उपसते. घरचे म्हणजे टीव्हीवर येतील तेव्हा इस्त्री करता करता बघायचे. आणि आपले म्हणजे आपले. ते एकमेकींशिवाय बघायचे नाहीत, मग ताप येवो, पाहुणे येवोत, नाहीतर जग बुडो. मला सिनेमांची नावं लक्षात राहत नाहीत म्हणून आपण त्यांची बारशी करायचो. ‘विहिरीतली बाई’, ‘लंडनमध्ये साखरपुडा’, ‘धूळ आणि घोडे’. नंदूशेठ म्हणायचे, जन्माला न आलेल्या सिनेमांची बारशी करणाऱ्या तुम्ही पहिल्याच. आणि तू निम्मे मटार कच्चेच खाऊन वर उसळ एवढीशीच का झाली म्हणून मलाच विचारायचीस!

काल पण मी मटार आणले. नंदूशेठांना समोर बसवलं, त्यांच्या हातात परात दिली आणि पेपरातले सिनेमे वाचून दाखवले. पुढचं वर्ष झकास आहे गो. घोडे पुन्हा आहेत, या वेळी धुळीऐवजी पाऊस आहे म्हणे. लंडनमध्ये साखरपुडा झाला होता, आता तिथेच बारसं आहे. आपल्या मराठी माणसांना शुभकार्याला दुसरं गावच मिळत नाही. विहिरीतल्या बाईचा तिसरा भाग येतोय, मेली वर येऊन येऊन दमत कशी नाही कोण जाणे. आणि तुला आवडतो तो टकला नट, तो चक्क कीर्तनकार झालाय. मी विचारलं, हा कोणाचा? नंदूशेठ म्हणाले घरचा. पुढचा? घरचा. त्यांच्या मते सगळेच घरचे, कारण घरी पाय पसरून झोपता येतं. शेवटी होडीचा आला. मी म्हटलं, हा आपला. त्यांनी मान वर करून विचारलं, आपला म्हणजे तुझा आणि कोणाचा? मुद्दाम टोचायला नाही विचारलं त्यांनी, तो स्वभाव नाही. पण मी मीठ आणायच्या निमित्ताने आत गेले. सोललेल्या मटारांना मीठ कशाला, हेही त्यांनी विचारलं नाही, म्हणजे कळलं असणार.

तुला आपला पहिला सिनेमा आठवतो का? तुमच्या लग्नाला महिनाही झाला नव्हता. तिकिटं तू आणि नितेशने काढली होती, आणि आयत्या वेळी त्याच्या ऑफिसची कसलीशी मीटिंग उपटली. तू कानातले घालून तयार, तोंड एवढंसं झालेलं. मी म्हटलं तिकीट फुकट घालवू नकोस, मैत्रिणीला बोलाव. तर तू म्हणालीस, आई, तुम्हीच चला ना. मी! थिएटरात जाऊन किती वर्षं झाली होती ते मलाही आठवत नव्हतं. नंदूशेठांबरोबर जाण्यात अर्थ नाही, ते पाट्या संपायच्या आत घोरायला लागतात आणि पुढच्या रांगेतली माणसं वळून माझ्याकडे बघतात, जसं काही मीच घोरतेय. मी कुकर बंद केला, गाऊन बदलून साडी नेसले आणि निघाले. त्या सिनेमातला एक म्हातारा माणूस त्याचा कुत्रा मेल्यावरही रोज साखळी घेऊन फिरायला जायचा, एवढंच मला आठवतं. मी डोळ्यांना पदर लावायला गेले आणि थांबले. म्हटलं, सुनेसमोर पहिल्याच महिन्यात रडायचं कसं? हळूच बाजूला बघितलं तर तू ओढणीत नाक शिंकरत होतीस. संपलंच मग. सासू-सुनेने जे काही अंतर राखायचं असतं ते त्या ओढणीत पुसलं गेलं.

आणि नंतरची आपली चोरटी आयात! बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत म्हणून तू चष्म्याच्या डबीत भाजके शेंगदाणे भरायचीस आणि मी पर्सच्या अस्तरात चकल्या. दारात बॅगा तपासणारी सुंदराबाई, तिला सगळं ठाऊक होतं. चकलीचा वास लपतो का कधी? ती पर्समध्ये हात घालायची, हाताला चकली लागायची, आणि आपल्याकडे न बघता पुढे व्हा म्हणायची. मध्यंतरात शेवट ओळखायचा, ही पण तुझीच टूम. जन्मभर मालिका बघितलेल्या बाईला शेवट ओळखायला किती वेळ लागतो? मीच जिंकायचे आणि तू चिडायचीस. आता मध्यंतरात शेवट ओळखते, पण सांगू कोणाला? एकदा शेजारच्या अनोळखी बाईला सांगितला, तर तिने दिवे मालवल्यावर खुर्ची बदलली. मागच्या महिन्यात सुंदराबाईने विचारलं, पोरगी कुठाय? मी म्हटलं, कामात आहे. कामात असशीलच ना तू, म्हणजे खोटं काही बोलले नाही.

तुझं काम मला आधी नीट कळायचंच नाही. सिनेमातली माणसं मराठीत बोलतात आणि खाली इंग्रजीत पट्टी येते, ती पट्टी माझी सून लिहिते, एवढं मात्र मी अख्ख्या बिल्डिंगला सांगून ठेवलं होतं, वॉचमन चंद्रप्रकाशलासुद्धा. तू म्हणायचीस, मी सिनेमा बघतच नाही आई, मी नुसते ओठ बघते. होडीचा सिनेमा तुझ्याकडे आला तेव्हा तुझी खरी परीक्षा होती. दोन जावा खाडीत माणसांची ने-आण करणारी होडी चालवतात आणि सिनेमाभर मालवणीत भांडतात. तुला मालवणी कुठली यायला! तुमच्या बोरिवलीच्या घरात शिव्यासुद्धा पुस्तकातल्या. एक वाक्य काही केल्या तुला कळेना. ते घेऊन तू घरी आलीस आणि नंदूशेठ चहा पीत असताना, भर हॉलमध्ये, खणखणीत आवाजात मला विचारलंस, आई, याचा अर्थ काय? त्यांना असा ठसका लागला की चहा नाकातून आला. मी तुला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं, कुकर लावला, आणि शिट्टी होत असताना तुझ्या कानात अर्थ सांगितला. तू हसून हसून ओट्याला धरून खालीच बसलीस. मग चार दिवस आपण दोघी त्या शिवीला शोभेल अशी इंग्रजी शिवी शोधत होतो. शेवटी काय लिहिलंस ते तू सांगितलं नाहीस. त्या होडीचं आणि त्या जावांचं पुढे काय होतं तेही नाही. मी किती मागे लागले, पण तू ढिम्म. थिएटरात बघा म्हणालीस. त्या वर्षीच्या मटारांना हा सिनेमा ‘आपला’ ठरला. मग त्याची तारीख पुढे गेली, पुन्हा गेली, पुन्हा गेली. निर्मात्यांचं आपसात काहीतरी फाटलं असं तूच सांगितलंस. आणि तोवर तुमचंच फाटलं.

त्याबद्दल मी लिहिणार नाही. कोण चूक, कोण बरोबर, याचा निवाडा करायला मला कोणी बसवलेलं नाही, आणि नितेश माझा मुलगा, तेव्हा माझ्या निवाड्याला किंमत ती काय? आमच्या लालबागच्या चाळीत नवरा-बायकोचं वाजलं की अख्ख्या मजल्याला ऐकू जायचं आणि अख्खा मजला मध्ये पडायचा. तुम्ही शिकलेली माणसं, तुमचं भांडण आम्हाला शेजारच्या खोलीतही ऐकू आलं नाही. ज्या दिवशी तू जायला निघालीस त्या दिवशी तू मला वाकून नमस्कार केलास. एरवी लग्नकार्यातसुद्धा तू मला नमस्काराऐवजी मिठी मारायचीस. तेव्हा मला खरं कळलं, की ही आता परत यायची नाही. पुढे कोर्टातून येऊन नितेशने सांगितलं, म्युच्युअल आहे आई, सगळं नीट पार पडलं. मी म्हटलं बरं. पण दिशा, मला एक सांग. सह्या तुम्ही दोघांनी केल्या. माझी सही कुठे घेतली? माझं तुझ्याशी काय बिनसलं होतं? एकदा तू माझा बिडाचा तवा साबणाने घासलास, आणि त्याबद्दल जे बोलायचं ते मी त्याच दिवशी बोलून मोकळी झाले होते. नवऱ्याला सोडायची रीत आहे, कागद आहेत, वकील आहेत. सासू आणि सून एकमेकींपासून सुटतात तेव्हा कोणी विचारायलाही येत नाही. भाड्याचं घर सोडताना पंखे राहून जातात ना, तशी मी राहिले.

त्यानंतर मी सिनेमाला जायचंच सोडलं. शेजारची रतन चला चला म्हणायची, मी गुडघ्यांचं कारण सांगायचे. गुडघ्यांना काय धाड भरलीय! मग या उन्हाळ्यात एक दिवस घरात बसून जीव इतका उबगला की म्हटलं जाऊ या एकटीच. तुला माहीत आहे, माझ्या मोबाइलवर ते तिकिटांचं अ‍ॅप तूच घातलं होतंस, आणि मी पासवर्ड विसरते म्हणून त्यात नंबर तुझा टाकला होतास. म्हणजे पैसे माझे जायचे, पण तिकीट तुझ्या मोबाइलवर यायचं. हे मी साफ विसरले होते. मी आपल्या खुर्च्या निवडल्या, आणि सवयीने दोन निवडल्या. दाबून झाल्यावर लक्षात आलं. थिएटरच्या दारात पोचले तर तिकीट दाखवा म्हणाले आणि माझ्याकडे काहीच नाही! मोबाइल उलटा करते, सुलटा करते, मागे रांग वाढतेय, मला घाम फुटलेला. म्हटलं, वाट लागली. परत फिरणार एवढ्यात टिंग झालं. तुझ्याकडून तिकिटाचा फोटो आला होता. वर काही लिहिलेलं नाही, खाली काही नाही. कशा आहात नाही, आई नाही, एक अक्षर नाही. मी तो फोटो दाखवून आत गेले. सिनेमात काय होतं ते विचारू नकोस. मी अंधारात तो फोटोच काढून काढून बघत होते. शेवटी मागून कोणीतरी ओरडलं, ओ मावशी, मोबाइल ठेवा ना आत.

घरी येऊन मी थँक्यू लिहिलं आणि पुसलं. कशी आहेस लिहिलं, तेही पुसलं. मग नुसते जोडलेले हात पाठवले. आता गंमत ऐक. टेलिफोन खात्यात अख्खी नोकरी केलेली बाई मी, अ‍ॅपमधला नंबर बदलणं मला जमलं नसतं का? कुठे दाबायचं ते रतनच्या मुलीने दाखवलंसुद्धा होतं. मी नाही दाबलं. त्यानंतर प्रत्येक सिनेमाला मी तसंच तिकीट काढत राहिले आणि दर वेळी तुझा फोटो येत राहिला. लगेच आला की मी समजायचे, बाई डबा खायला बसली असेल. उशीर झाला की समजायचे, मीटिंगमध्ये असेल, आणि जाहिराती संपेपर्यंत दारात तिष्ठत उभी राहायचे. तुलाही माझी खबर लागत असणार, आज म्हातारी घाटकोपरला गेली, आज मुलुंडातच आहे. दर वेळी दोन खुर्च्या कशाला, हे तू कधी विचारलं नाहीस आणि मी सांगितलं नाही. दिवाळीनंतर तर मी कहर केला. विहिरीतल्या बाईचा दुसरा भाग लागला होता. भुताच्या सिनेमाला मी घरात सगळे दिवे लावूनही बसत नाही, तुला ठाऊक आहे. पण त्या आठवड्यात दुसरं काही नव्हतं, आणि मला तिकीट काढायचं होतं. काढलं. क्षणात फोटो आला आणि त्याखाली पहिल्यांदाच एक शब्द. ‘हा???’ पुढे तीन प्रश्नचिन्हं. अगं, ती बाई केस मोकळे सोडून विहिरीतून वर येत होती, अख्खं थिएटर किंचाळत होतं आणि मी एकटी खुदुखुदु हसत होते.

त्याआधीचं एक सांगायचं राहिलं. गणपती झाल्यावर जो सिनेमा बघितला त्यात तुझं नाव आलं. शेवटची पाटी जाईपर्यंत उठायचं नाही ही तूच लावलेली सवय. दिवे लागले, झाडूवाले आले, तरी मी बसून. आणि आलं. सबटायटल्स, दिशा नाबर. तुझं माहेरचं नाव. खोटं कशाला बोलू, आधी मला ते खटकलंच. इतके दिवस तिथे आमचं राऊळ वाचायची सवय होती ना. मग मी टाळ्या वाजवल्या, त्या रिकाम्या थिएटरात, एकटीने. झाडूवाला बघतच राहिला. होडीच्या सिनेमाचं तुझं काम जुनं आहे, त्यात अजून राऊळ असेल की त्यांनी बदललं असेल, याचा मी कालपासून विचार करतेय. मला दोन्ही चालेल. नाव तुझं आहे, तू कुठलंही लाव. मला फक्त ते तुझ्या शेजारी बसून वाचायचं आहे.

आता ते अडलेलं काम. नाताळच्या सुट्टीत नितेश आला होता. तो आता पुण्याला असतो, बरा आहे, जेवणाचे हाल करून घेतो. माझ्या मोबाइलमध्ये फोटो मावेनासे झालेत म्हणून शनिवारी मी त्याला तो साफ करायला दिला. करता करता म्हणाला, आई, तुझं तिकिटांचं अ‍ॅप अजून दिशाच्या नंबरवर आहे. म्हणजे दर वेळी तू तिला त्रास देतेस? बरं दिसतं का ते? आवाज चढवून नाही, समजुतीने बोलला. आणि मी तोंड उघडायच्या आत पटापट दाबून त्याने नंबर माझा करून टाकला. झालं म्हणाला, आता कोणावर अवलंबून राहायला नको. चांगल्या मनानेच केलं गं पोराने. मी त्याला काय सांगणार होते, की परत कर? तो गेला, आणि काल सकाळी होडीची बातमी आली. आनंदाच्या भरात मटारांची वाटणी झाली, उसळ झाली, आणि दुपारी मी गपचूप एका फुटकळ सिनेमाचं तिकीट काढून बघितलं. टिंग झालं. तिकीट माझ्याच मोबाइलवर, माझ्याच डोळ्यांसमोर आलं. कोणाची वाट बघायला नको की काही नको. मला एवढं रडू फुटलं की नंदूशेठ चक्क जागे झाले. कोण गेलं, असं विचारायला लागले. मी त्या सिनेमाला गेलेच नाही.

म्हणून हे पत्र लिहिलं. आता मी कुठेही गेले तरी तुला कळणार नाही, आणि तू आहेस हे मला कळणार नाही. तोंड उघडून विचारण्यावाचून दुसरा रस्ताच राहिला नाही. नितेश बोलला ते डोक्यातून जात नाही. मी त्रास देत होते का गं तुला? देत असेन तर या पत्राचं उत्तर पाठवू नकोस. मी समजून जाईन आणि तुझ्यावर रागावणार नाही, शपथ. पण तसं नसेल तर ये. सून म्हणून नको, घरीही नको. नितेशचा विषय मी काढणार नाही. तुझ्या आयुष्यात कोणी आला असेल तर त्यालाही आण, मागच्या रांगेत बसेल, फक्त घोरणारा नसावा. घाटकोपर दोघींना सोयीचं आहे, तुला अंधेरीहून मेट्रो, मला इथून पाच स्टेशनं. नुसत्या सोबतीला रतन एका पायावर तयार आहे. मला सोबत नको आहे दिशा, मला तू हवी आहेस. तुझी फार आठवण येते गो. उन्हाळ्यापासून हेच मी दोन-दोन खुर्च्या काढून सांगत होते, आज लिहून सांगतेय. शुक्रवारच्या आदल्या मंगळवारी-बुधवारी बुकिंग उघडेल. तोवर एवढंच कळव. एक काढू, की दोन?

तुझीच,
नलिनी